एकाने वाचायचं, एकाने टाकायचं

आमच्या पिढीने कॅड-कॅम सॉफ्टवेअर निवडलं असं म्हणणं म्हणजे जन्मगाव निवडलं असं म्हणण्यासारखं आहे. ज्याच्याकडे सीडी होती त्याच्याकडून ती आणली, ज्याला ते येत होतं त्याला चहा-भजी खाऊ घातली, झाली निवड. आता एका साध्या व्हीएमसी मिलिंग मशीनसाठी डझनभर नावं समोर असतात, प्रत्येकाची ट्रायल असते, प्रत्येकाचे व्हिडिओ असतात, आणि निवडणारा दोन-दोन महिने निवडतच बसतो. पर्याय नव्हते तेव्हा आम्ही कुरकुरत होतो. पर्याय आहेत म्हणून आता कुरकुरतो. कुरकुर तेवढी टिकून आहे.

आम्ही म्हणजे कोण? देवळाली कॅम्पात, भगूरला, संसरीला राहायचं आणि सातपूरच्या नाहीतर अंबडच्या एमआयडीसीत कामाला जायचं, अशी एक जमात होती. आयटीआय किंवा डिप्लोमा झालेली. काही जण बसने नाशिकरोड, द्वारका, सीबीएस असा वळसा घेत सातपूर गाठायचे. काही जण आधी सायकलवर आणि पुढे लूनावर वडनेरमार्गे पाथर्डी फाट्याकडे निघायचे. सातपूरला तेव्हाची मायको, आताची बॉश, तिथेच महिंद्रा, ओझरला एचएएलचा विमानांचा कारखाना. आणि अशा मोठ्यांना लागणारे डाय, फिक्श्चर, गेज करून देणारी पत्र्याच्या शेडमधली छोटी वर्कशॉप. आम्ही त्या पत्र्याखालचे. कॅम्पात स्कूल ऑफ आर्टिलरी असल्यामुळे सरावाच्या तोफांचा दणका ऐकतच मोठे झालो. ज्या गावात गोळा कुठे पडेल हे तक्त्यांवरून काढायला शिकवतात, त्या गावच्या पोरांनी कटर कुठे जाईल हे लॉग टेबलवरून काढावं, यात तेव्हा काही विशेष वाटलं नाही.

सीएनसी हाताशी येण्याआधीचं मिलिंग म्हणजे हँडल, डायल आणि बॅकलॅश. ड्रॉइंग यायचं ते अमोनियाच्या वासाचं, निळ्या-जांभळ्या रेषांचं. वर्तुळावर आठ भोकं असली की कुणाला न विचारता त्रिज्येला ०.७०७१ ने गुणायचं. सहा असली की ०.८६६ ने. हे दोन आकडे अजूनही आम्हाला झोपेतून उठवून विचारा. पाच किंवा सात भोकं आली की मात्र लॉग टेबल काढायचं. पुढे कॅसिओचा कॅल्क्युलेटर आला, पण तो मालकाच्या ड्रॉवरमध्ये कुलपात असे. सात भोकांचं ड्रॉइंग काढणाऱ्याबद्दल आम्ही जे बोलायचो ते इथे छापता येणार नाही.

आता भोकं कुणी मोजत नाही. मॉडेल उघडलं की सॉफ्टवेअर आपणच भोकं, पॉकेट, स्लॉट ओळखतं. कोणतं ड्रिल लावायचं, किती फीड ठेवायचा, तेही सुचवतं. या विद्येतलं एक मोठं नाव आपल्याकडचं आहे याचा आम्हाला उगाचच अभिमान. कॅमवर्क्स हे सॉफ्टवेअर वाढवलं ते गोदरेजच्या घरातून निघालेल्या जिओमेट्रिक या कंपनीने, पुण्या-मुंबईत बसून. २०१७ मध्ये जिओमेट्रिक एचसीएलमध्ये विलीन झाली. सॉलिडवर्क्सबरोबर आज जे कॅम मिळतं त्याच्या पोटात हेच इंजिन आहे. त्यात एक डेटाबेस असतो. आपल्या वर्कशॉपमध्ये कोणत्या भोकाला कोणती हत्यारं कोणत्या क्रमाने लावतात, ते त्यात एकदा भरून ठेवायचं; पुढच्या जॉबला ते आपोआप लागू होतं. आमच्याकडेही हा डेटाबेस होता. त्याला आम्ही अण्णा म्हणायचो. अण्णा सेटर. ते रजेवर गेले की डेटाबेस बंद, रुसले की बंद, आणि पगार वाढला नाही की शेजारच्या शेडमध्ये चालू.

सगळ्यात जास्त आठवतं ते प्रोग्राम टाकणं. पेन्सिलीने कागदावर लिहिलेला प्रोग्राम कंट्रोलची बटणं दाबून मशीनमध्ये भरायचा, आणि हे एकट्याचं काम नव्हतं. एकाने वाचायचं, एकाने टाकायचं. वाचणारा बहुधा वयाने मोठा, नाकाच्या शेंड्यावर चष्मा; टाकणारा नवा पोरगा, कूलंटच्या हातांनी बटणं बुळबुळीत करणारा. "जी एक, एक्स चार सात टिंब दोन पाच, वाय वजा एक दोन टिंब, एफ एक दोन शून्य." आकडे सुटे वाचायचे असा दंडक होता, कारण पलीकडे पॉवर प्रेस धडधडत असताना एकोणसत्तर आणि एकोणऐंशी वेगळे ऐकणं हे माणसाच्या कानाचं काम नाही. टाकणाऱ्याने प्रत्येक ओळ परत म्हणायची. 'वजा' मोठ्याने म्हणायचं. 'टिंब' त्याहून मोठ्याने, कारण त्या कंट्रोलवर टिंब राहिलं की पन्नास मिलीमीटरचे पन्नास मायक्रॉन व्हायचे आणि टेबल जागच्या जागी थरथरून थांबायचं. काही जण पहिल्या ओळीत कंस करून रोमन अक्षरांत 'श्री' टाकायचे. कंसातलं मशीन वाचत नाही; तेव्हा ते कुणी वाचावं म्हणून लिहिलं होतं हे उघड आहे.

मध्येच मालक यायचे, वाचणाऱ्याला काहीतरी विचारायचे आणि ओळ चुकायची. मग पुन्हा वर. या वर-खाली करण्यात सकाळ जायची. तेवढ्या सकाळीत नवा पोरगा जी-कोड शिकायचा, वाचणाऱ्याच्या घरची भांडणं शिकायचा, आणि कोणत्या दिवशी पगाराचं विचारू नये हेही शिकायचा.

फार पुढे वाचनात आलं की या धंद्याचा जन्मच असा झाला. १९४० च्या दशकात अमेरिकेत मिशिगनला जॉन पार्सन्स हेलिकॉप्टरच्या पात्यांसाठी टेम्प्लेट करत होता. तेव्हा एक माणूस तक्त्यातले आकडे मोठ्याने वाचायचा आणि दुसरे दोघे मिलिंगचं एकेक हँडल फिरवायचे. त्या खटाटोपातून पुढे १९५२ मध्ये एमआयटीत आकड्यांच्या हुकमावर चालणारं मिलिंग मशीन दाखवलं गेलं; १९५९ मध्ये एपीटी या भाषेने टूलपाथ काढून कापलेले ॲल्युमिनियमचे ॲशट्रे पत्रकारांना वाटले गेले. म्हणजे अंबडला १९९० च्या सुमारास आम्ही जे करत होतो ते थेट पार्सन्सच्या घराण्याचं. चाळीस वर्षं मागे होतो, पण वंशावळ शुद्ध होती.

आता वाचणं संपलं. प्रोग्राम पेन ड्राइव्हने नाहीतर नेटवर्कवरून जातो. मोल्डच्या फिनिशिंगचा असेल तर काही लाख ओळींचा असतो, आणि त्यातली एकही ओळ कुणी वाचत नाही. वाचायची गरज नाही हेही खरंच. कटरवर सतत सारखाच भार राहील असा वळणावळणाचा रस्ता आजचं सॉफ्टवेअर काढतं. त्याला अडॅप्टिव्ह म्हणतात. कोपऱ्यात हत्यार किंचाळत नाही, एंडमिल जास्त टिकते, मशीन एका सुरात गुणगुणत राहतं. आमचे टूलपाथ सरळ जायचे. कोपऱ्यात कटर अख्ख्या रुंदीने मालात रुतायचा आणि ओरडायचा. तो ओरडला की आम्ही फीडचा नॉब मागे घ्यायचो. याला आम्ही 'कान असणं' म्हणायचो आणि त्या कानाचा गर्व वाहायचो. तो वाईट टूलपाथचा आवाज होता, एवढंच.

कंट्रोलची मेमरी तेव्हा मीटरमध्ये मोजत. ८० मीटर म्हणजे ३२ किलोबाइट. इंचभर रुंदीच्या भोकं पाडलेल्या कागदी पट्टीवर प्रोग्राम असायचे, त्या पट्टीची ही लांबी. आम्ही आलो तेव्हा पट्टी जात चालली होती, पण मीटर राहिले होते. व्हॉट्सॲपवरच्या 'सुप्रभात'च्या फुलालाही आज याहून जास्त जागा लागते. जागा नाही म्हणून प्रोग्राम आखूड ठेवायचा: एकदा लिहिलेलं पॉकेट सबप्रोग्राममध्ये टाकायचं आणि एम ९८ ने हाक मारून हवं तितक्या वेळा बोलवायचं. वीस ओळींत अख्खी प्लेट बसवणाऱ्याची अंबडभर कीर्ती व्हायची. ती गरिबीतली टापटीप होती. मेमरी फुकट झाल्यावर आम्हीही एका आठवड्यात ती सोडली.

गुळगुळीत वळणांचा मोल्ड आला की मात्र टापटीप कामाला यायची नाही. एवढा मोठा प्रोग्राम मावायचाच नाही. मग कॉम्प्युटर मशीनशेजारी आणायचा आणि आरएस-२३२ च्या केबलने प्रोग्राम थेंब-थेंब पाजत राहायचा; बॉड रेट ९६०० ठेवला तर सेकंदाला हजाराच्या आत अक्षरं. रात्रभर. लोडशेडिंगची भीती वेगळी. वीज गेली, केबलला कुणाचा पाय लागला, की कटर मोल्डच्या ऐन मध्यावर थांबायचा आणि तिथे व्रण उमटायचा. मग पॉलिशवाल्याच्या पाया पडायचं. त्या रात्रींच्या गोष्टी आम्ही आता लग्नकार्यात रंगवून सांगतो. प्रत्यक्ष जागायचा तो हेल्पर, आणि तो आमच्या गोष्टींत कधीच नसतो. त्याला विचारलं तर त्याला त्या रात्रींमधले फक्त डास आठवतात.

खरेदीचा सोहळा असा. डेमो द्यायला पुण्याहून इंजिनिअर यायचा, टाय लावून, एमआयडीसीतल्या उन्हात. अवजड मॉनिटर रिक्षातून उतरवायचा. नमुन्याचा जॉब ठरलेला, कॉम्प्युटरच्या माउसचं कवच. ते पडद्यावर फिरायचं, आम्ही माना हलवायचो, आणि मालक शेवटी एकच प्रश्न विचारायचे, "आपल्या फॅनक कंट्रोलवर चालेल ना?" चालेल, असं उत्तर यायचं. ते अर्धसत्य होतं. सॉफ्टवेअरने काढलेला रस्ता आपल्या कंट्रोलच्या बोलीत उतरवून देणारी एक फाइल असते, तिला पोस्ट म्हणतात. ती जुळेपर्यंत काही चालत नाही. हत्यार बदलायच्या आधी झेड वर जात नाही, कूलंट नको तिथे सुरू होतो, आर्कच्या जागी भलतंच वर्तुळ फिरतं. अख्ख्या औद्योगिक वसाहतीत पोस्ट दुरुस्त करू शकणारे एक-दोघेच. ते रात्री आठनंतर यायचे, नोटपॅडमध्ये फाइल उघडायचे, सिगारेट पेटवायचे आणि दोन ओळी बदलायचे. त्यांची फी ठरलेली नसायची. पाथर्डी फाट्यावरचा ढाबा ठरलेला असायचा. आम्ही सॉफ्टवेअर निवडत होतो असं आम्हाला वाटायचं, पण शेवटी निवडलेला असायचा तो हा माणूस. त्याला ज्याचा पोस्ट जमतो, ते सॉफ्टवेअर चांगलं.

आता पोस्टची लायब्ररीच मिळते. कंट्रोलचं नाव टाका, उतरवून घ्या. बहुतेक वेळा पहिल्या झटक्यात जमतो. ढाब्याचा धंदा बुडाला असेल.

डोंगलची गोष्ट सांगायला हवी. प्रिंटरच्या पोर्टमध्ये बसवायचा तो ठोकळा; त्याच्या पाठीत प्रिंटरची वायर. तो असेल तरच सॉफ्टवेअर उघडायचं. मालक संध्याकाळी तो खिशात घालून घरी न्यायचे. दोन भावांची दोन युनिट असली की एकच डोंगल दुपारी रिक्षाने सातपूरहून अंबडला यायचा, आणि रिक्षावाल्याला सांगितलं जायचं, "सांभाळून, लाखाचा माल आहे." तो एवढासा ठोकळा पाहून रिक्षावाला आमच्याकडे ज्या नजरेने बघायचा! आणि डोंगलशिवायची शेड तर विचारूच नका. मास्टरकॅम ९.१ ची मार्करने नाव लिहिलेली सीडी किती हातांतून गेली असेल याचा हिशेब नाही. त्या काळाच्या सचोटीबद्दल आमच्या पिढीने फार बोलू नये. पुष्कळांचं शिक्षणच त्या सीडीवर झालं, व्हायरससकट.

आता चोरी कमी झाली आणि मालकीही. ऑटोडेस्कने २०१६ मध्ये कायमचं लायसन्स विकणं थांबवलं. तेव्हापासून वर्षाचं भाडं. त्याआधी २०१४ मध्ये त्यांनी बर्मिंगहॅमची डेलकॅम घेतली होती, जिच्या पॉवरमिलवर मोल्डवाल्यांचा जीव. डेलकॅमचंच आर्टकॅम २०१८ मध्ये बंद केलं. दारांवर वेलबुट्टी आणि देव्हाऱ्यांवर गणपती कोरणारे राउटरवाले त्यावरच वाढले होते, आणि त्यांतले कित्येक आजही जुनीच आवृत्ती जपून वापरतात. ऑटोडेस्कच्याच फ्यूजनचं घरगुती वापराचं लायसन्स फुकट, म्हणून पोरं त्यावर तुटून पडली. २०२० च्या ऑक्टोबरात त्यातून हत्यार आपोआप बदलणं गेलं, जलद चाल गेली, तीनपेक्षा जास्त अक्षांचं काम गेलं. २०२१ मध्ये मास्टरकॅमच स्वीडनच्या सँडविकने घेतलं, वर सिमॅट्रॉन आणि गिब्सकॅमही. म्हणजे कटर विकणाऱ्याने कटरचा रस्ताही विकत घेतला. मुक्त आणि फुकट असलेलं फ्रीकॅड २००२ पासून चाललंय, त्याची १.० आवृत्ती यायला २०२४ उजाडलं. साध्या प्लेटा, भोकं, पॉकेट यांना ते पुरतं. मोल्डच्या वळणांसाठी मी अजून तरी कुणाला ते सुचवणार नाही.

दसऱ्याला मशीनला झेंडूचा हार, व्हर्निअरला कुंकू, मायक्रोमीटरला अक्षता, आणि कॉम्प्युटर आल्यापासून सीपीयूवर एक फूल. डोंगललाही कुंकवाचं बोट लागायचं. पुढे वर्षभर तो लाल. आता डिझाइन क्लाऊडवर असतं, लायसन्सही तिथेच. झेंडू कुठे ठेवायचा याबद्दल आमच्याकडे गेल्या दसऱ्याला बराच वाद झाला. शेवटी वाय-फायच्या राउटरवर ठेवला.

इतकं सगळं वाईट होतं तर हळहळ कशाची? याचा विचार केला की जरा पंचाईत होते. एकोणसत्तर-एकोणऐंशीचा घोळ परत हवाय असं कुणीच म्हणणार नाही. केबलपाशी जागलेली रात्रही कुणालाच नको आहे. आमच्या शेडमध्ये बाईमाणसासाठी साधा संडास नव्हता; आज देवळालीत घरी बसून, मुलाला शाळेत सोडून आल्यावर, अंबडच्या आणि पुण्याच्या वर्कशॉपना टूलपाथ काढून पाठवणाऱ्या मुली आहेत. हळहळ असलीच तर ती आमच्या भावाची आहे. ०.८६६ पाठ असल्याला तेव्हा किंमत होती. मालक ड्रॉवरची किल्ली आमच्याकडे द्यायचे. आम्ही गेल्यावर काम अडायचं, आणि काम अडलं की आम्हाला बरं वाटायचं. याला जुन्या कारागिरीवरचं प्रेम असं नाव आम्ही दिलं, ते आमच्या सोयीचं.

एक गोष्ट मात्र सोयीची नाही, खरी आहे. पहिला जॉब लागताना झेड उंच ठेवून प्रोग्राम हवेत चालवायचा, मग खाली घेऊन सिंगल ब्लॉकवर एकेक ओळ, एक हात फीडच्या नॉबवर आणि दुसरा लाल बटणावर. शेजारच्या मशीनवरचेही येऊन उभे राहायचे. आता पडद्यावर सिम्युलेशन होतं, टक्कर असेल तिथे लाल दिसतं. पण सिम्युलेशनला क्लॅम्प तिथेच असतो जिथे आपण सांगितलेला असतो. टेबलावर तो बोटभर इकडे लागला असेल, तर ते पडद्याला कोण सांगणार?

भाचीने यंदा अंबडला गाळा भाड्याने घेतला, जुनी तीन अक्षांची व्हीएमसी घेतली, आणि सॉफ्टवेअर निवडायला बसली. तिने तक्ता केला होता. मी माझे प्रश्न विचारले. बहुतेक काम कसलं येणार? प्लेटा आणि फिक्श्चर, तर मग पाच अक्षांचे पैसे कशाला? कंट्रोलचा पोस्ट तयार मिळतो का, आणि तसल्याच जुन्या मशीनवर तो कुणी चालवून पाहिलाय का? गिऱ्हाईक फाइल कशात पाठवतं? भाडं थांबवलं तर जुनी कामं उघडतील का? प्रत्येकाला तिच्याकडे रकाना होता. रात्री अडलं तर फोन कोण उचलणार, याला नव्हता. तो तिने तिथल्या तिथे काढला. कंपन्यांच्या नावांपुढे 'सकाळी दहा ते सहा' लिहिलं, आणि फ्रीकॅडपुढे लिहिलं, 'मामा'.

"अकरानंतर उचलशील?" तिने विचारलं.

"उचलतो की. पण प्रोग्राम वाचून दाखवावा लागेल, ओळ-ओळ."

"मामा," ती म्हणाली, "चार लाख ओळी असतात."